गोळी पोटात आणि न्याहारी वाटेत!

"डॉक्टर, परवा पंढरपूरला जाऊन आलो, पण सगळा दिवस भांडणात गेला. देवाच्या दारात उभे होतो तरी एकमेकांशी बोलत नव्हतो."

गेल्या आठवड्यात दवाखान्यात आलेले एक गृहस्थ सांगत होते. वय साठीच्या आसपास, मधुमेह जुना. त्यांच्या पत्नीला दोन दिवस लघवीला जळजळ होत होती, म्हणून खरे तर दोघे आले होते. मी गृहस्थांना विचारले, "त्या दिवशी सकाळी काय खाऊन निघालात?"

"दर्शनाआधी कसं खायचं?"

"आणि मधुमेहाची गोळी?"

"ती घेतली की! गोळी मी एक दिवस चुकवत नाही."

मग बाईंना विचारले, "वाटेत पाणी किती प्यायलात?"

"प्रवासात बाईमाणूस पाणी पितं का, डॉक्टर?"

मला हसू आले. दोघांनाही ते आवडले नाही, आणि त्यांचे बरोबरच होते. पण मी त्यांना हसलो नव्हतो. मला माझाच एक दिवस आठवला. लोकांना पथ्य सांगणाऱ्याने स्वतःची फजिती सांगणे सोपे नसते, म्हणून आजवर ती या सदरात लिहिली नाही. आज लिहितो, कारण हे दोघे गेले त्याच रस्त्याने, त्याच चुका करत मीही गेलो होतो, आणि त्या चुका आपल्या भागातील पुष्कळ जोडपी दर आठवड्याला करत असतात. प्रवासातल्या निम्म्याअधिक भांडणांचे मूळ रिकाम्या पोटात, कोरड्या घशात आणि तुंबवून धरलेल्या लघवीत असते, असे माझे मत त्या दिवसापासून बनले आहे.

सकाळची घाई

सन 2023 च्या जानेवारीतली गोष्ट. भवानीनगरहून इंदापूर, अकलूजमार्गे पंढरपूर म्हणजे शे-सव्वाशे किलोमीटर. सकाळी सहाला निघावे, नऊला दर्शन घ्यावे, दुपारी घरी येऊन जेवावे, असा माझा बेत. सौ.ने आदल्या रात्री धपाटे करून ठेवले होते. ते मी बरोबर घेऊ दिले नाहीत. "दर्शन झाल्यावर तिथंच खाऊ, डबे कशाला?" असे म्हणालो. सकाळी सवयीने मधुमेहाची गोळी घेतली, बिनसाखरेचा अर्धा कप चहा घेतला आणि गाडी काढली. गोळी घेतल्यावर पोटात काही गेले पाहिजे, हे मी रोज दहा जणांना सांगतो. त्या दिवशी ते स्वतःला सांगायचे राहिले.

सणसर मागे पडले आणि बेलवाडीच्या अलीकडे मागचे चाक बसले. डिकी उघडली तर स्टेपनीतही हवा नव्हती. "मागच्या महिन्यात तुम्हाला आठवण केली होती," सौ. म्हणाली. ती खरे बोलत होती, म्हणूनच मला राग आला. एका दुचाकीवाल्याने चाक नेऊन पंक्चर काढून आणून दिले. त्यात पाऊण तास गेला.

पुढे एका पेट्रोल पंपावर थांबलो. सौ.ला लघवीला जायचे होते. मागच्या बाजूला स्वच्छतागृह होते, दारावर 'महिला' असे रंगवलेलेही होते, पण कुलूप होते. किल्ली कोणाकडे, हे कामावरच्या मुलाला ठाऊक नव्हते. पुरुषांसाठीच्या दाराला कडीच नव्हती. मी जाऊन आलो. ती तशीच येऊन गाडीत बसली. "पुढं बघू," म्हणाली. मी गाडी सुरू केली. पुढे कुठे बघणार, हे काही मी विचारले नाही.

उसाच्या ट्रॉल्या आडव्या

लासुर्णे सोडले आणि थोड्याच अंतरावर सगळी वाहने उभी. रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम जागोजाग चालू होते. एका बाजूला मुरूम टाकलेला, दुसऱ्या बाजूने जेमतेम वाट. त्या वाटेवर उसाच्या दोन ट्रॉल्यांपैकी मागची कलंडली होती. सुदैवाने कोणाला लागले नव्हते, पण रस्ताभर ऊस पसरला होता. पुढच्या ट्रॅक्टरला मागे येता येईना, मागच्याला पुढे जाता येईना. आपल्याकडे गाळपाच्या दिवसांत हे दृश्य नवे नाही. नेहमी मी अशा वेळी खाली उतरून चार माणसांशी बोलतो. त्या दिवशी मात्र डोके भणाणून गेले.

आधी मी सरकारला बोललो, मग रस्त्याचे काम करणाऱ्यांना, मग त्या ट्रॅक्टरच्या चालकाला. बिचारा आधीच घाबरलेला होता. मी काच खाली करून त्याला असे शब्द बोललो की ते इथे लिहिता येणार नाहीत. शेवटी मोर्चा वळला सौ.कडे. निघायला उशीर तिच्यामुळे झाला, स्टेपनीची आठवण तिने दोनदा करायला हवी होती, इथपर्यंत माझी मजल गेली.

ती काही बोलली नाही. ती माझ्या कपाळाकडे बघत होती. जानेवारीची थंडी, काचेवर धुके, आणि माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. हात स्टिअरिंगवर थरथरत होते.

"अहो, सकाळची गोळी घेतली ना?"

"घेतली. मी डॉक्टर आहे. मला शिकवू नकोस."

"मग तुमची साखर उतरलीय," ती म्हणाली. तिने गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि खाली उतरली.

माझी साखर मोजायचे यंत्र दवाखान्याच्या टेबलावर होते. गाडीत गोळी-चॉकलेटसुद्धा नव्हते. साखर कारखान्याच्या गावात राहणारा, समोर टनावारी ऊस पडलेला, आणि चमचाभर साखरेसाठी अडलेला डॉक्टर! आज हसू येते. तेव्हा मात्र समोरचे नीट दिसतही नव्हते.

रस्त्याच्या कडेला उसाच्या टायरगाड्या उभ्या होत्या. एका गाडीवर ऊसतोडणीच्या टोळीतले नवरा-बायको बसले होते. सौ.ने त्या बाईला विचारले. तिने "ऊस देऊ का?" असे आधी विचारले, पण मग माझ्याकडे एकदा बघितले आणि काही न बोलता गाठोडे सोडून चहासाठी ठेवलेली साखरेची पुडी काढली. पेल्यात पाणी घेऊन चांगली मूठभर साखर विरघळवली आणि मला प्यायला लावली. दहा-पंधरा मिनिटांत घाम थांबला. हाताची थरथर कमी झाली. जगावरचा राग कुठे गेला ते कळले नाही. तो ट्रॅक्टरचालक मला आता पोराच्या वयाचा दिसू लागला. उतरून त्याच्याकडे गेलो आणि चुकलो म्हणालो. तो म्हणाला, "असू द्या काका. समदेच बोलत्यात."

दिवस कसा सुधारला

वाट मोकळी व्हायला अजून तासभर लागणार होता. कालव्याच्या चारीच्या कडेने एक वस्ती होती. सौ. त्या टायरगाडीवरच्या बाईला घेऊन तिकडे गेली. वस्तीवरच्या आजींनी काही न विचारता दोघींना शौचालय दाखवले, पाणी दिले. परत येऊन सौ.ने मला हाक मारली, "या, आजी भाकरी थापतायत." चुलीपुढे बसून ज्वारीची भाकरी, पिठले आणि कांदा खाल्ला. साखरेने चढलेली साखर पुन्हा उतरू नये म्हणून वर असे काही खावेच लागते. तेही त्या माउलीने माझ्या सांगण्याआधीच केले होते.

रस्ता खुला झाला तेव्हा मी गाडीकडे धावलो. सौ.ने किल्ली दिली नाही. "तुम्हीच लोकांना काय सांगता? तासभर गाडी चालवायची नाही म्हणून?" मग कालव्याच्या कडेला बसलो. त्या तासात आमचे जे बोलणे झाले तसे बऱ्याच महिन्यांत झाले नव्हते. त्यात तिने एक गोष्ट सांगितली. प्रवासाला जायचे असले की आदल्या संध्याकाळपासून ती पाणी कमी करते. लग्नाला तीस वर्षे झाली, तेव्हापासून. रक्तदाबाची जी गोळी लघवी जास्त करवते, ती प्रवासाच्या दिवशी घेतच नाही. आजवर तीन वेळा तिला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला. तिन्ही वेळा औषध मीच लिहून दिले. दोनदा तो प्रवासानंतरच झाला होता. कारण मात्र मी एकदाही विचारले नव्हते.

पंढरपूरला पोचायला दुपार झाली. रांग मोठी होती, म्हणून मुखदर्शन घेतले. परतताना अकलूजला चहा, सराटीला नीरेच्या पुलाजवळ पाय मोकळे करणे, असे थांबत थांबत आलो. एका गुऱ्हाळापाशी तिने पेलाभर रस घेतला. माझ्या वाट्याला नुसता वास. घरी यायला रात्रीचे आठ वाजले. ठरल्यापेक्षा सहा तास उशीर झाला होता, आणि तरी दोघेही म्हणालो की दिवस छान गेला.

साखर अशी का उतरते?

आता या दिवसाचे वैद्यकीय गणित मांडतो.

आपल्या मेंदूचे मुख्य इंधन म्हणजे रक्तातील साखर. तिचे प्रमाण 100 मिलिलिटर रक्तात 70 मिलिग्रॅमच्या खाली गेले की त्याला साखर उतरणे म्हणतात. वैद्यकीय भाषेत हायपोग्लायसेमिया. शरीर लगेच धोक्याची घंटा वाजवते. घाम सुटतो, छाती धडधडते, हातपाय कापतात, भूक लागते. साखर आणखी उतरली की मेंदूचे काम बिघडते. माणूस चिडतो, हट्ट करतो, असंबद्ध बोलतो, पुढे बेशुद्धही होतो. दारू प्यायल्यासारखे त्याचे वागणे होते. कित्येकदा अशा माणसाला लोक दारुडा समजून बाजूला बसवतात आणि मोलाचा वेळ जातो. हाच माणूस गाडी चालवत असेल तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. माझी गाडी त्या गर्दीत अडकून उभी होती, हे माझे नशीबच म्हणायचे.

मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्यांनी साखर उतरत नाही. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फार कमी. पण ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. तुम्ही जेवलात की नाही, हे त्या बघत नाहीत. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तसेच. आपली गोळी कोणत्या जातीची आहे, हे प्रत्येक मधुमेह्याने आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. दर्शनाआधी न खाण्याचा नेम असेल, एकादशी असेल, रमजानचा रोजा असेल, तर त्या दिवशी गोळी किती व केव्हा घ्यायची, हेही आधीच विचारावे. मनानेच गोळी बंद करणे जसे वाईट, तसेच गोळी घेऊन उपाशी राहणेही वाईट.

साखर उतरल्याची शंका आली की तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्यावी. म्हणजे साधारण 15 ग्रॅम. 15 मिनिटे थांबावे. बरे वाटले नाही, किंवा यंत्रावर साखर 70 च्या खालीच असली, तर तेवढीच पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर भाकरी, पोळी, भात असे काही खायला घालावे. चॉकलेट किंवा बर्फी देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोचते. नुसता ऊस चघळण्यातही वेळ जातो, हे त्या ऊसतोडणीच्या बाईला कोणी न शिकवता कळले होते. आणखी एक महत्त्वाची गोष्ट. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे घेणाऱ्यांची नेहमीची साखर पोटात लवकर फुटत नाही. त्यांना ग्लुकोज पावडरच द्यावी. औषधाच्या दुकानात ती सहज मिळते.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. घशात जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. कुशीवर वळवून निजवावे आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वर सांगितलेल्या गोळ्यांमुळे उतरलेली साखर एकदा चढून काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. हे मी त्या दिवशी केले नाही, तेही कबूल करतो. आणि चालकाची साखर उतरली असेल तर ती पूर्ववत झाल्यावरही निदान पाऊण तास त्याने गाडी हातात घेऊ नये. साखर वर आली तरी मेंदूला सावरायला तेवढा वेळ लागतो.

पाणी न पिणाऱ्या बायका

माझी फजिती एका पेल्यात निवळली. सौ.ची गोष्ट तीस वर्षांची होती. दवाखान्यात येणाऱ्या बायकांना मी आता मुद्दाम विचारतो. शिक्षिका, नोकरीसाठी एसटीने जाणाऱ्या मुली, बाजाराला माल नेणाऱ्या मावश्या, सगळ्यांचे उत्तर जवळजवळ एकच असते. घरून निघताना पाणी प्यायचे नाही, आणि परत येईपर्यंत लघवी धरून ठेवायची.

स्त्रियांचा मूत्रमार्ग पुरुषांपेक्षा पुष्कळच आखूड असतो, त्यामुळे जंतू लवकर मूत्राशयापर्यंत पोचतात. भरपूर पाणी आणि वेळच्या वेळी लघवी, यांनी ते बाहेर धुऊन जातात. पाणी कमी आणि लघवी तासन्‌तास अडवलेली, की जंतूंना वाढायला सवड मिळते. मग जळजळ, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप. दुखणे मूत्रपिंडापर्यंत गेले तर रुग्णालयात दाखल व्हावे लागते. गरोदर स्त्रिया आणि मधुमेही स्त्रिया यांनी तर याबाबतीत जास्तच जपले पाहिजे. मुतखड्याची तक्रार असलेल्यांना कमी पाणी पिणे फारच महाग पडते.

हे सांगून मी "बायकांनी पाणी प्यावे" असा उपदेश करून मोकळा होऊ शकतो. पण त्यांनी पाणी प्यायचे आणि जायचे कुठे? या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय तो उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहांबाबत निर्देश दिले. शहरांसाठी ते झाले. दोन गावांच्या मधल्या रस्त्यावरची बाई मात्र अजून आडोसा शोधते.

पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी, टायरमध्ये हवा आणि स्वच्छतागृह या सोयी मोफत देणे हे तेल कंपन्यांच्या नियमांतच आहे. कुलूप दिसले की किल्ली मागावी. ती मागायची लाज बाईला वाटत असेल तर बरोबरच्या पुरुषाने मागावी. मी तेव्हा मागितली नाही. नुसता गाडी सुरू करून बसलो. आता मागतो, मिळाली नाही तर तक्रारवहीत लिहितो. मी एकट्याने लिहून फार काही होत नाही. पन्नास जणांनी लिहिले तर कुलूप निघते.

आणि जिने मला स्वतःच्या चहातली साखर दिली, तिला विसरून चालणार नाही. अशा बायका पाच-सहा महिने कोप्यांमध्ये काढतात. पहाटे फडात, रात्री गाडीबरोबर कारखान्याच्या रांगेत. सन 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने समिती नेमली. त्या प्रश्नाला अनेक बाजू आहेत. पण पाणी आणि शौचालय नसलेल्या जागी महिनोन्‌महिने काम करणाऱ्या बाईला ओटीपोटाची दुखणी व्हायचीच, हे कोणताही डॉक्टर सांगेल. गाळपाच्या हंगामात जिथे गाड्यांची रांग लागते आणि जिथे टोळ्या उतरतात, तिथे पाण्याची आणि शौचालयाची सोय पहिल्या दिवसापासून हवी. आपल्या भागाची साखर तिच्या हातातून जाते.

पालखीचा विसावा

ज्या रस्त्यावर आमची ही शोभा झाली, तोच संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग. बारामती सोडली की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवाडीला गोल रिंगण, पुढे इंदापूर, सराटी, अकलूज. हा रस्ता आपण गाडीने अडीच-तीन तासांत उरकायला निघतो. वारकरी तो अनेक दिवसांत चालतात. त्यांत सत्तरीचे म्हातारे असतात, मधुमेही असतात, रक्तदाबाचे रुग्ण असतात. दरवर्षी आपण बघतो की हे लोक थकतात, पण चिडचिडत नाहीत. भक्तीचे बळ आहेच. पण पालखीची एक शिस्तही आहे. सकाळी ठरल्या वेळी निघणे, ठरल्या जागी न्याहारी, दुपारी विसावा, पुन्हा विसावा, रात्री मुक्काम. वाटेत गावोगावचे लोक पाणी, चहा, केळी घेऊन उभे असतात. अलीकडच्या वर्षांत फिरती शौचालयेही बरोबर असतात. प्रवासात शरीराला जे जे लागते ते सगळे त्या व्यवस्थेत आहे.

आपण मोटारीत बसलो की हा विसावा पहिल्यांदा काढून टाकतो. "कुठेही न थांबता दोन तासांत पोचलो" हे आपण अभिमानाने सांगतो. या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला 8 नोव्हेंबर 2021 रोजी बसली. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, पण थांबायच्या जागा आपोआप वाढत नाहीत. पालखीच्या प्रत्येक विसाव्याच्या ठिकाणी बारमाही पाणी, सावली आणि स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र, रोज धुतली जाणारी स्वच्छतागृहे असावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. ग्रामपंचायतींनी, बांधकाम खात्याने आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी हे मनावर घ्यावे. पालखी वर्षातून एकदा येते, वाटसरू रोज जातात.

प्रवासाला निघताना

एवढे होईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू. मधुमेह्याने गोळी घेतली असेल तर खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. गाडीत ग्लुकोजची पुडी, पाण्याची बाटली, शेंगदाणे किंवा धपाटे आणि साखर मोजायचे यंत्र असावे. इन्सुलिन घेणाऱ्या चालकाने निघण्यापूर्वी आणि नंतर दर दोन तासांनी साखर तपासावी. ती 90 च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर आधी खावे, मग चाक हातात घ्यावे. कोणीही चालक असो, दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबावे. पाय मोकळे केल्याने झोपेची गुंगी जाते आणि बसून बसून पायांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. दुपारी जेवणानंतर दोन ते चार ही वेळ डुलकीची असते, तेव्हा जास्त जपावे. रक्तदाबाची गोळी प्रवासासाठी चुकवू नये. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. बहुतेकदा वेळ बदलून देता येते.

शेवटची गोष्ट नवऱ्यांसाठी. बरोबरच्या बाईला दर दीड-दोन तासांनी "थांबायचं का?" असे आपणहून विचारा. ती "चालेल, पुढं बघू" म्हणाली तरी थांबा. आणि वाटेत तुम्हाला सगळ्या जगाचा राग येऊ लागला, तर भांडण पुढे नेण्याआधी शेवटचा घास केव्हा खाल्ला होता ते आठवा.

गेल्या आठवड्यातल्या त्या दोघांना मी हेच सांगितले. बाईंची लघवी तपासून औषध दिले, गृहस्थांच्या गोळीची वेळ लिहून दिली. निघताना ते म्हणाले, "म्हणजे दोष माझ्या स्वभावाचा नव्हता तर!" त्यावर बाई म्हणाल्या, "थोडा स्वभावाचापण होता, डॉक्टर." त्यावर मात्र माझ्याकडे औषध नव्हते. पुढच्या वेळी धपाटे बरोबर न्या, एवढेच सांगितले.